पिठोबाचा प्रसाद

भोईवाड्यात राहणाऱ्या माणसाला जंतूंचं नवल उरत नाही. एका हाताला केईएम, दुसऱ्या हाताला टाटा, मध्ये लहान मुलांचं वाडिया आणि चार पावलांवर हाफकिन. गावाकडचा नातेवाईक उपचारांसाठी मुंबईत आला की आधी आमच्याकडे चहा घेतो आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी बाटली घेऊन तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. बाटलीत काय आहे, असं भोईवाड्यात कुणी विचारत नाही. शिष्टाचार म्हणून नाही, उत्तर माहीत असतं म्हणून.

त्यातही हाफकिनचा आम्हाला विशेष अभिमान. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली आणि १९२५मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. एवढं आमच्या गल्लीतलं कुठलंही पोर सांगेल. पोरांना माहीत नसलेला भाग असा की, हाफकिनसाहेब प्लेगचे जंतू ज्या द्रवात वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत लोंबत वाढायचे. म्हणजे तुपाशिवाय अंगी लागत नाही, हे तत्त्व परळमध्ये प्लेगच्या जंतूंनाही लागू होतं. आमच्या घरी पुढे जे घडलं त्यात हा मुद्दा पुरावा म्हणून मांडण्यात आला, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

हिच्या बहिणीची मुलगी लोअर परळला नोकरी करते. तिचे आजोबा ज्या गिरणीत साचे चालवायचे, त्याच गिरणीच्या आवारात आता काचेची इमारत उभी आहे. तिथे वरच्या कुठल्याशा मजल्यावर बसून ती नेमकं काय करते, हे तिने आम्हाला बरेचदा समजावून सांगितलं आहे. कंपनीने तिला काही महिन्यांसाठी नेदरलँड्सला पाठवायचं ठरवलं. मांजर असतं तर मैत्रिणीने नेलं असतं, कुंड्या असत्या तर वॉचमनने पाणी घातलं असतं. पण तिच्याकडे होता सावरडोचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पावाचा, स्टार्टर. तो सांभाळायला मावशीच लागते.

हा स्टार्टर २०२०च्या टाळेबंदीतला. त्या दिवसांत दुकानांतून यीस्ट गायब झालं होतं आणि जगभरची सुशिक्षित माणसं पीठ-पाणी कालवून बरणीकडे बघत बसली होती. आमच्या भोईवाड्याला तेव्हा बरणीकडे बघायला वेळ नव्हता, सगळं लक्ष केईएमकडे लागलेलं होतं. त्यामुळे ही साथ आमच्यापर्यंत उशिरा पोचली. भाचीने काचेची बरणी ओट्यावर ठेवली, सोबत टाइप केलेल्या सूचना दिल्या आणि म्हणाली, "मावशी, याचं नाव पिठोबा."

स्टार्टरला नाव ठेवायची जगभर पद्धत आहे म्हणे. पण जगभर त्याला अशी नावं ठेवतात की ज्यांची एकादशी नसते. आमच्या आईने जपाची माळ खाली ठेवली आणि बरणीला नमस्कार केला. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या एका नमस्कारात आहे.

सूचना सोप्या होत्या. पन्नास ग्रॅम पिठोबा घ्यायचा, त्यात पन्नास ग्रॅम कणीक आणि पन्नास ग्रॅम पाणी घालायचं. तो फुगतो, मग खाली बसतो. बसला की पुन्हा पन्नास ग्रॅम घ्यायचा, पुन्हा तेच.

"आणि उरलेला शंभर ग्रॅम?" हिने विचारलं.

"तो डिस्कार्ड, मावशी. टाकून द्यायचा."

घर एकदम गप्प झालं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू होतं. मग आई तिच्या मूळ भाषेत, म्हणजे देवगड तालुक्याच्या भाषेत म्हणाली, "नाव ठेवलंस पिठोबा, नि ओततलंस मोरीत?"

आता इथे आमच्या घराची घटना थोडक्यात सांगायला हवी. आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, शिळ्या भाताला फोडणी मिळते, दोडक्याच्या शिरांची चटणी होते. साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि पायपुसणं झिजलं की ते सायकल पुसायला जातं, सायकल घरात नसली तरी. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, मोजून ठेवल्या जातात. अशा घरात रोज सकाळ-संध्याकाळ चांगलं लोकवन गव्हाचं पीठ खायला घालायचं आणि त्याचा दोन-तृतीयांश भाग फेकायचा, हा प्रस्ताव मांडायलाही कुणी अनुमोदक मिळाला नसता.

भाचीने शास्त्र समजावलं. पीठ आणि पाणी एकत्र राहिलं की पिठातलंच यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. यीस्ट वायू सोडतं, त्याने पीठ फुगतं. जिवाणू आम्ल सोडतात, त्याने ते आंबतं. खाणं संपलं की दोघंही मरगळतात, म्हणून ताजं पीठ घालायचं. आणि काही काढलंच नाही तर? मी आयुष्यभर बँकेत व्याज मोजलेलं आहे, तेव्हा गणित मी केलं. प्रत्येक जेवणाला पिठोबा तिप्पट होतो. पन्नास ग्रॅमवरून सुरुवात केली, तर दहाव्या जेवणानंतर तो साधारण २,९५२ किलो भरतो. परदेशातले लोक हे हिशेब एकवीस ते चोवीस अंश तापमान धरून, दिवसाला एक जेवण गृहीत धरून करतात. आमच्या मे महिन्यात, तेहतीस अंशांत आणि परळच्या दमट हवेत, तो तीन-चार तासांत फुगून बसतो आणि दिवसाला दोन जेवणं मागतो. म्हणजे पाच दिवसांत तीन टन. आमच्या जिन्याला गेली वीस वर्षं बांबूचा टेकू आहे.

फ्रीजमध्ये ठेवला तर आठवड्यातून एकदा खाणं पुरतं, असं सूचनांच्या तळाशी लिहिलं होतं. आईने तेही नामंजूर केलं. घरात आलेल्याला आठवड्यातून एकदाच जेवण, असं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही.

तेव्हा ठरलं असं की, पिठोबा ओट्यावर राहील आणि दोन वेळा जेवेल. त्याच्यातून जे निघेल ते टाकायचं नाही, फ्रीजमध्ये साठवायचं आणि वापरायचं. भाची विमानात बसली. आई त्या साठवणीला 'डिस्काट' म्हणायला लागली आणि थोड्याच दिवसांत 'प्रसाद' म्हणायला लागली. नाव बदललं की वस्तूचा कायदा बदलतो. डिस्कार्ड फेकता येतो. प्रसादाला नाही म्हणता येत नाही.

रोजचा प्रसाद दोनशे ग्रॅम. आठवड्याला एक किलो चारशे. हिने तो आधी थालीपिठात घातला. थालीपीठ चांगलं झालं, हे मान्य. मग घावनात, धिरड्यात, कांदाभज्यांत. मग शंकरपाळ्यांत. मग आमटी जरा दाट व्हावी म्हणून आमटीत. घरात कुणी पदार्थाची चव कशी आहे असं विचारेनासं झालं. आज किती आंबट आहे, एवढंच विचारायचे. मुलगा दुपारचा डबा न्यायचं टाळायला लागला. ऑफिसात खूप काम असतं, असं कारण त्याने दिलं. त्याने आजवर हे कारण कुठल्याही बाबतीत दिलेलं नव्हतं.

फ्रीजमध्ये बरण्यांची रांग लागली. ही शिस्तीची बाई, प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी आणि त्यावर तारीख, वेळ. एकदा गावाकडचे काका टाटामध्ये दाखवायला आले. त्यांनी थंड पाण्यासाठी फ्रीज उघडला, बरण्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "एवढी सगळी सॅम्पलं कुणाची रे? वैनींची तब्येत बरी हा ना?" मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांना ते जास्त गंभीर वाटलं.

खालच्या मजल्यावरचे तात्या सगळं ऐकून आहेत. त्यांचं आजोळ गोव्याचं आणि ते कुठल्याही विषयात गोव्याचा दाखला देतात. "आमच्याकडे पोदेर माडाच्या सुरेने पाव फुगवायचे," ते म्हणाले. "तुमच्या पिठोबापेक्षा ती पद्धत लाखपट बरी. सूर उरली तर काय करायचं, हा प्रश्न गोव्यात कधी कुणाला पडल्याचं मला आठवत नाही."

मी तात्यांना सांगितलं, की जगात याहून मोठे व्याप करणारे लोक आहेत. स्टॉकहोममध्ये माणसं सुट्टीवर जाताना आपलं सावरडो ठेवायला देत, अशी पाळणाघरं निघाली. पैसे मोजायचे, मग तिथली माणसं त्याला वेळेवर खायला घालणार. बेल्जियममध्ये सांक्ट विथ नावाच्या गावी २०१३पासून सावरडोचं ग्रंथालय आहे. देशोदेशींची शंभरावर आंबवणं तिथे बरण्यांतून, थंड कपाटांत, नंबर देऊन ठेवली आहेत आणि त्यांच्या मूळ मालकांकडून पीठ मागवून त्यांना चारलं जातं.

तात्या म्हणाले, "ग्रंथालय म्हणजे घरी न्यायला मिळतं का?"

"नाही. तिथेच बघायचं."

"मग आपलं विरजण बरं. चोवीस तास उघडं, वर्गणी नाही, आणि घरी न्यायला मिळतं."

हे मात्र खरं होतं. आमच्या मजल्यावर एका घरचं दही बिघडलं की शेजारची वाटी पुढे येते. कुणाचं विरजण मूळ कुणाकडून आलं, हे शोधायला गेलं तर गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळापर्यंत जावं लागेल. त्याला कुणी नाव दिलेलं नाही, वजन केलेलं नाही. चमचाभर ठेवायचं, बाकीचं खायचं, जास्त आंबलं तर ताक, त्याहून आंबलं तर कढी. विरजणाने आमच्याकडे कधी रोजची शिधापत्रिका मागितली नाही. हा फरक तात्यांनी एका वाक्यात मांडला: "विरजण आपल्याला पोसतं. पिठोबाला आपण पोसतो."

मे संपत आला तशी गावाहून हापूसची शेवटची पेटी आली. शेवटच्या पेटीचा एक ठरलेला क्रम असतो. पहिले दोन दिवस सगळे हातात आंबा घेऊन फिरतात. तिसऱ्या दिवशी आमरस. मग आकाशात ढग येतात आणि पलंगाखालच्या गवतातून गोडसर वास यायला लागतो. उरलेल्या आंब्यांच्या देठांशी काळे डाग दिसायला लागतात. कुणाला खायचे नसतात, कुणाला टाकवत नाहीत. घरात आता दोन गोष्टी उतू जात होत्या, आणि त्याच वेळी नेदरलँड्सहून भाचीने एक कृती पाठवली: फळांचा कॉबलर, सावरडोच्या उरलेल्या पिठाचा.

पदार्थ अमेरिकेतला. खाली फळांचे तुकडे साखरेत घोळवून ठेवायचे, वर पिठाचा जाडसर थर टाकायचा आणि भट्टीत भाजायचं. फळ खाली रटरटतं, वरचं पीठ फुगून तांबूस होतं. पिठात डिस्कार्ड घालायचा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. डिस्कार्डमधल्या आम्लाला सोडा भेटला की वायू सुटतो आणि थर हलका होतो. म्हणजे इतके दिवस घराने ज्या आंबटपणाचा जाच सोसला, तोच इथे कामाला लागणार होता. तिथे यात पीच घालतात, सफरचंद घालतात, बेरी म्हणतात ती काळी-निळी फळं घालतात. आमच्याकडे हापूस होता.

बातमी गॅलरीतून खाली पोचायला वेळ लागला नाही. तात्या वर आले. खुर्चीवर बसले नाहीत. "हापूस शिजवणार?" त्यांनी विचारलं. "वैनी, त्याला २०१८ साली सरकारने भौगोलिक मानांकन दिलंय. शिजवायला दिलेलं नाही. शिजवायला रायवळ आहेत, सासव करा, नाही कोण म्हणतं?"

"डाग पडलेत हो तात्या त्यांना."

"डाग पडले म्हणून माणूस सोडतो का आपण? कापून खायचा!"

आईचा आक्षेप वेगळा होता. कृतीत लोणी लिहिलं होतं, तेही विकतचं, पिवळ्या खोक्यातलं. आई म्हणाली तूप घाला. ही म्हणाली कृतीत लोणी आहे. तेव्हा मी हाफकिनचा दाखला दिला आणि परळच्या हवेत कशाची वाढ कशाने होते, हे तारखांसह सांगितलं. तूप मंजूर झालं. वेलची आणि जायफळ कुणाला न विचारताच मंजूर झाले, ते आमच्याकडे नेहमीच पदसिद्ध सभासद असतात. साखरेच्या जागी अर्धा गूळ आला. अमेरिकेचं त्यात आता फक्त नाव उरलं होतं.

राहिला प्रश्न भट्टीचा. आमच्याकडे ओव्हन नाही. ओव्हन ठेवायचा तर एका माणसाला बाहेर काढावं लागेल. पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. दिवाळीच्या आधी चाळीतल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. आपापल्या पत्र्यांवर नावाची चिठ्ठी. भट्टी मोकळी व्हायची रात्री, त्यामुळे अर्धी चाळ बेकरीच्या पायरीवर जागायची, आणि कुणाच्या पत्र्यावर किती नग गेले नि किती परत आले याची चर्चा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरायची. ही बेकरीत विचारून आली. बेकरीवाल्याची आधीच झोप उडालेली. २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून त्याच्या दारात रोज कुणीतरी भट्टीविषयीच विचारायला येत असतं. त्यात ही आंबा घेऊन गेलेली. पावाला आंब्याचा वास लागेल, असं म्हणून त्याने हात जोडले.

मग कुकर. शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला वाटीभर मीठ पसरायचं, वर भांडं. टाळेबंदीत निम्म्या महाराष्ट्राचे केक असेच झाले. पण कुकरची आच खालून. केक त्यात होतो. कॉबलरचं सगळं वैभव वरच्या तांबूस थरात असतं, आणि कुकरमध्ये तो थर पांढराफटक राहतो.

इतका वेळ आई पलंगावरून ऐकत होती. आता तिने कृती वाचून दाखवायला सांगितली. खाली फळ, वर पीठ, आच दोन्हीकडून. ऐकून ती म्हणाली, "ह्यां तर धोंडस! आमच्याकडे तवशाचां करीत. वरसून इस्तो घातलो की झालां."

म्हणजे काय ते समजून घ्यावं. कोकणात पावसाळ्याच्या शेवटी मांडवावर मोठ्या, पिकलेल्या काकड्या लटकतात. तेच तवसं. त्याचा कीस, गूळ, तांदळाचा रवा, खोबरं एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात घालतात, पातेलं चुलीवर ठेवतात, त्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. विजेचा ओव्हन ज्या तत्त्वावर चालतो ते हेच. फरक एवढाच की त्याला वॉरंटी असते.

पातेलं घरात होतं. झाकणही होतं. निखारे मात्र भोईवाड्यात मिळणं अवघड. गॅसच्या शेगडीतून निखारा निघत नाही. तेव्हा मुलाला आठवलं, की आमच्या इमारतीच्या दारात रोज संध्याकाळी चांगले रसरशीत निखारे असतात. ते इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीत असतात.

इस्त्रीवाला निखारे द्यायला तयार होईना. निखारे गेले तर त्याची इस्त्री थंड, आणि संध्याकाळी एका वकिलाचे पांढरे शर्ट द्यायचे होते. भोईवाड्याचं कोर्ट कुणाच्या कॉबलरसाठी थांबत नाही. शेवटी तडजोड निघाली. इस्त्री उघडायची नाही. ती आहे तशी, कोळशासकट, झाकणावर ठेवायची, आणि ठेवणार तोच. हे त्याचं हत्यार होतं.

संध्याकाळी पातेलं मंद गॅसवर चढलं. खाली आंबा आणि गूळ, वर पिठोबाचा थर. पंचवीस मिनिटांनी इस्त्रीवाला ती अवजड इस्त्री घेऊन वर आला. मजल्यावरची सगळी दारं उघडली. त्याने पातेल्याकडे बघितलं, मान तिरकी करून झाकणाचा सपाटपणा तपासला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आधी बोटांनी झाकणावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. त्याचं समाधान झालं. मग त्याने इस्त्री ठेवली, आणि आणखी एका सवयीने ती पुढे-मागे फिरवायला लागला. आईने त्याला थांबवलं. "अरे, घडी मोडूची नाय. नुस्ती ठेव."

झाकण काढलं तेव्हा वरचा थर तांबूस झाला होता. मध्यभागी, जिथे इस्त्रीचं टोक होतं, तिथे जरा जास्त. कडेने आंब्याचा रस गुळासकट वर येऊन चिकट, काळसर झाला होता. वास गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. तात्या निषेध म्हणून आले होते आणि निषेध म्हणून त्यांनी अर्धी वाटी घेतली. खाऊन झाल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त निषेध अजून शिल्लक आहे असं सांगून वाटी पुढे केली. आंब्याचा गोडवा भाजून जड होतो, आणि त्या जडपणाला पिठाचा आंबटपणा नेमका अडवतो. थालीपिठात, भज्यांत, आमटीत ज्याचं काम नव्हतं त्याला इथे नोकरी मिळाली होती.

रात्री मी हिशेब मांडला. कॉबलरमध्ये डिस्कार्ड गेला एक वाटी. त्यात निम्मं पाणी. पिठाची किंमत काढली तर सहा-सात रुपये. ते वाचवण्यासाठी लागलं ते असं: साजूक तूप, गूळ, साखर, दूध, वेलची, जायफळ, वरून आणखी मैदा, पाऊण तासाचा गॅस, इस्त्रीवाल्याला दिलेले पैसे, वकिलाच्या शर्टांना झालेला उशीर, आणि सहा हापूस. आंब्यांची किंमत मी मांडली नाही, रक्तदाब असतो. काटकसर हा मध्यमवर्गाला परवडणारा सगळ्यात महागडा शौक आहे, हे मी बँकेत असताना कर्जदारांना सांगायचो. घरी सांगितलं नाही. घरी आईने "काय फुकट गेला नाय" असं म्हणून माळ हातात घेतली होती आणि त्या वाक्यापुढे कुठलाही ताळेबंद टिकत नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण चव मजलाभर गेली होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी वाटी घेऊन आल्या: "थोडा पिठोबा द्याल का?" मागायची रीत विरजणाचीच. हिने भरली वाटी दिली. मग कोपऱ्यातल्या काकू आल्या, खालच्या मजल्यावरून दोघी आल्या. ही खूश. एका आठवड्यात आमच्या फ्रीजमधल्या बरण्या रिकाम्या झाल्या. मीही समाधानाने वाटपाचा आकडा मनात लिहिला. फक्त त्या आकड्याला पुढे तीनने गुणायचं असतं, हे इमारतीत मी सोडून कुणाला सुचणं शक्य नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी पद्धत आहे. पहिली वाटी समोरच्या वहिनींकडून परत आली. वर रुमाल झाकलेला. आत पिठोबा. "जरा जास्त झाला होता," त्या म्हणाल्या. मग काकूंचं पातेलं आलं, त्यातही तोच. ही त्यांची भांडी परत करायला निघाली, आणि रिकामी कशी द्यायची? जून लागेपर्यंत जिन्यातून चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक हातात झाकलेलं भांडं होतं आणि एकही भांडं आपल्या मूळ घरी रिकामं पोचत नव्हतं. भाचीचा फोन आला तेव्हा हिने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं मावशी, एवढं काय करत बसलात? मी इथे केव्हाच नवीन केला. पीठ आणि पाणी, दोनच तर गोष्टी लागतात." हा निरोप आम्ही आईला कळवलेला नाही.

परवा खाली फळ्यावर चिटणिसांनी सूचना लावली. ती जशीच्या तशी देतो:

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की,

१) दुसऱ्याचे भांडे परत करताना त्यात पिठोबा घालू नये. रिकामे देणे अशुभ वाटत असल्यास चिमूटभर साखर घालावी.

२) पिठोबा मोरीत अगर सार्वजनिक नळाखाली ओतू नये. गेल्या आठवड्यात दोन पाइप तुंबले असून प्लंबरने त्यातील वस्तू ओळखण्यास नकार दिला आहे.

३) पुनर्विकासाच्या करारात पिठोबास स्वतंत्र जागा मिळणार नाही. याबाबत मीटिंगमध्ये वारंवार विचारणा करू नये.

४) इस्त्रीवाल्यास वर बोलावण्यासाठी आदल्या दिवशी नाव नोंदवावे. कपड्यांस प्राधान्य राहील.

५) आंब्याचा हंगाम संपला असून काही रहिवासी अननस व फणसावर प्रयोग करीत असल्याचे समजते. असा पदार्थ तयार झाल्यास तो वाटण्यापूर्वी कार्यकारिणीच्या पाहणीसाठी ठेवावा. कार्यकारिणीत नऊ सभासद आहेत, याची नोंद घ्यावी."